पिरोजा : निळ्या खड्याचे गुणधर्म, परंपरा आणि औषधी समजुती

आकाशाचा निळा आणि समुद्राचा हिरवा यांच्या मधला रंग लाभलेला पिरोजा हा मानवाने दागिन्यांसाठी वापरलेल्या अतिप्राचीन दगडांपैकी एक होय. नवरत्नांच्या मालिकेत त्याला स्थान नाही. हिऱ्याची चमक त्याच्यापाशी नाही आणि माणकाची पारदर्शकताही नाही. तरीही इजिप्तच्या राजांपासून तिबेटच्या वैद्यांपर्यंत आणि इराणच्या शहांपासून अमेरिकेतील मूलनिवासी जमातींपर्यंत अनेकांनी त्याला रक्षक मानले, औषध मानले आणि त्याच्यावर संकटनिवारणाची जबाबदारी सोपवली.

महाराष्ट्रात या खड्यापेक्षा त्याचा रंगच अधिक परिचयाचा आहे. लुगड्यांच्या दुकानात 'पिरोजी' म्हटले की कोणता रंग हे वेगळे सांगावे लागत नाही. हिंदी-उर्दूत त्यालाच 'फिरोजा' म्हणतात. अभिनेता सलमान खान यांच्या मनगटावरील साखळीतला निळा खडा हा फिरोजाच असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे आणि त्या कड्याच्या नकला पदपथावरील विक्रेत्यांकडेही दिसतात. दुसरीकडे ज्योतिषी आणि रत्नविक्रेते हा खडा दृष्ट, कावीळ, नेत्रविकार, मानसिक ताण अशा नाना तक्रारींवर सुचवितात. या दाव्यांमागची परंपरा काय आहे, खड्याचे प्रत्यक्ष गुणधर्म काय आहेत आणि त्यांतील कोणती गोष्ट आजाराच्या प्रसंगी भरवसा ठेवण्याजोगी आहे, याची माहिती ग्राहकाला असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नावाची कुळकथा

'पिरोजा' हा शब्द फारसी 'पीरूज' म्हणजे विजयी या शब्दाशी जोडला जातो. अरबी भाषेत 'प' हा वर्ण नसल्याने तिकडे त्याचा 'फिरूज' झाला आणि तेच रूप पुढे उर्दू-हिंदीत रूढ झाले. मराठीतील 'पिरोजी' आणि पारशी समाजातील 'पिरोजशहा' या नावाने मात्र जुना 'प' टिकवून धरला आहे. फिरोजशहा हे नावही त्याच मुळातून आले आहे. विजयाचा दगड हा अर्थ नावातच असल्याने युद्धाला निघणाऱ्या योद्ध्याने तो अंगावर बाळगावा, ही समजूत त्यातून दृढ झाली असावी.

युरोपात या खड्याला 'टर्क्वाइज' म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधील असून त्याचा अर्थ 'तुर्की' असा आहे. वास्तविक उत्तम पिरोजा तुर्कस्तानात निघत नसे. इराणच्या खाणींतील माल तुर्की व्यापाऱ्यांमार्फत आणि तुर्की बाजारपेठांतून युरोपात पोहोचे, म्हणून दगडाला व्यापाऱ्याचे नाव चिकटले. संस्कृत निघंटूंत 'पेरोज' आणि 'हरिताश्म' अशी नावे आढळतात. त्यांपैकी 'पेरोज' हे उघडच फारसीतून आलेले असून, हा खडा भारतात पश्चिमेकडील व्यापारी मार्गाने आला असल्याची ती भाषिक खूण आहे.

खनिज म्हणून ओळख

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पिरोजा हे तांबे आणि अॅल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट आहे. त्याच्या वजनात तांब्याचा वाटा सुमारे ८ टक्के, तर पाण्याचा वाटा सुमारे १८ टक्के असतो. हे पाणी ओलाव्याच्या रूपात नसून खनिजाच्या रचनेतच बांधलेले असते. मोहस् कठिणता श्रेणीवर त्याची कठिणता ५ ते ६ भरते. स्फटिकाची कठिणता ७ असते. हवेतील धुळीत वाळूचे म्हणजे स्फटिकाचेच कण असल्याने रोजच्या वापरात पिरोजावर ओरखडे पडणे स्वाभाविक आहे. त्याची विशिष्ट घनता साधारणतः २.६ ते २.९ यांच्या दरम्यान असते.

हे खनिज बहुधा रुक्ष प्रदेशात, भूपृष्ठापासून फार खोल नसलेल्या थरांत तयार होते. पावसाचे मुरणारे आम्लधर्मी पाणी तांब्याच्या खनिजांतून तांबे, फेल्स्पारसारख्या खनिजांतून अॅल्युमिनियम आणि अॅपेटाइटमधून फॉस्फरस उचलते. खडकाच्या भेगांत हे द्रावण साचते आणि कालांतराने तेथे निळ्या शिरा किंवा गाठी तयार होतात. आजूबाजूच्या खडकाचे तपकिरी-काळे अंश खड्यात राहिले की त्यावर रेषांचे जाळे दिसते. काही बाजारांत निर्मळ, जाळीविरहित निळ्या खड्याला अधिक भाव मिळतो, तर काही ठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक रेषा असलेल्या खड्याला खास मागणी असते.

पिरोजाचे डोळ्यांना दिसतील असे स्फटिक अत्यंत दुर्मीळ आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १९११ मध्ये ते प्रथम आढळले. एरवी हा खडा सूक्ष्मकणी आणि अपारदर्शक असल्याने त्याला पैलू पाडले जात नाहीत. घुमटाकार घासून आणि चकाकी देऊन तो कोंदणात बसवतात.

दख्खनच्या काळ्या कातळाची ख्याती पिरोजासाठी नाही. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत मिळणारे कॅव्हनसाइट हे निळे खनिज संग्राहकांमध्ये जगप्रसिद्ध आहे, मात्र त्याचा निळा रंग व्हॅनेडियममुळे येतो. पिरोजाचा निळा रंग तांब्याचा असतो. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी जे मोरचूद वापरतात, त्याचाही निळेपणा तांब्याचाच. मोरचूद पाण्यात सहज विरघळते आणि पोटात गेल्यास विषारी ठरते. पिरोजा पाण्यात विरघळत नाही, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक आहे.

रंग का बदलतो?

पिरोजाविषयीच्या बहुतेक समजुती त्याच्या रंगबदलाभोवती फिरतात. धारण करणारा आजारी पडला की खडा फिकट होतो, संकट येणार असेल तर तो हिरवा पडतो, मालकाचा मृत्यू झाला की निस्तेज होतो आणि नवा निरोगी मालक मिळताच पुन्हा खुलतो, अशा कथा इराणपासून युरोपपर्यंत सर्वत्र सांगितल्या गेल्या. तेराव्या शतकात खनिजांवर ग्रंथ लिहिणारा अल-तिफाशी यानेही हवामानानुसार या दगडाचा रंग खुलतो वा कोमेजतो, असे नोंदविले आहे.

रंग बदलतो हे निरीक्षण खरे आहे. त्याचे कारण खड्याच्या सच्छिद्रतेत दडलेले आहे. पिरोजा त्वचेवरील तेल, घाम, अत्तर, साबण, मलम असे पदार्थ शोषून घेतो आणि कालांतराने हिरवट होऊ लागतो. तीव्र उन्हात किंवा उष्णतेत त्याच्या रंगावर परिणाम होतो आणि फार तापविल्यास रचनेतील पाणी निघून जाऊन तो तपकिरी पडतो. खनिजात लोहाचे प्रमाण जितके अधिक, तितकी हिरवी छटा मुळातच अधिक असते. तापाने फणफणलेल्या रुग्णाला घाम येतो, अंगाला तेल-मलम चोळले जाते आणि हाताची अंगठी हे सर्व शोषून घेते. अशा वेळी अंगठीतला खडा काळवंडला, तर पाहणाऱ्याला आजार खड्यात उतरल्याचा भास होणे समजण्यासारखे आहे. मात्र हा बदल घामामुळे आणि तेलामुळे होतो. आजार त्यात उतरत नाही आणि आजाराचे निदानही त्यावरून होत नाही.

इजिप्त आणि इराण

इजिप्शियन लोकांनी सिनाई द्वीपकल्पातील वादी मघारा आणि सेराबित अल-खादिम येथे पिरोजाच्या खाणी चालविल्या. सेराबित अल-खादिम येथे हथोर देवीचे मंदिर असून तिला 'पिरोजाची स्वामिनी' म्हटले जाई. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या मोहिमेला १९०१ मध्ये अबायडोस येथे पहिल्या राजवंशातील झेर राजाच्या थडग्यात कापडात गुंडाळलेला हात सापडला. त्यावर सोने आणि पिरोजा यांची कंकणे होती. त्यांचे वय सुमारे ५,००० वर्षे आहे. १९२२ मध्ये उजेडात आलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील सुवर्ण मुखवट्याच्या जडावातही पिरोजा आहे. इजिप्तमध्ये या रंगाचा संबंध नवजीवन आणि आनंद यांच्याशी जोडला जात असे. खरा दगड दुर्मीळ असल्याने तेथील कारागिरांनी वाळू, क्षार आणि तांबे यांपासून निळ्या चकाकीचा 'फेयॉन्स' हा पदार्थ बनविला. पिरोजाची नक्कल करण्याचा उद्योग किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

भारतीय उपखंडातही या खड्याचा इतिहास दीर्घ आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन दफनांत पिरोजाचे मणी मिळाले आहेत.

सर्वोत्तम पिरोजा म्हणून जगभर नाव मिळविले ते इराणच्या खोरासान प्रांतातील नेशापूरच्या खाणींनी. या खाणींत दोन हजारांहून अधिक वर्षे उत्खनन होत आले आहे. सतराव्या शतकात अनेकदा भारतात आलेला फ्रेंच रत्नव्यापारी तावेर्निये याने इराणमधील 'जुन्या खडकाचा' आणि 'नव्या खडकाचा' असा भेद सांगितला असून, जुन्या खडकातील उत्तम माल शहासाठी राखून ठेवला जात असल्याचे लिहिले आहे. अकराव्या शतकातील विद्वान अल-बिरुनी याच्या रत्नविषयक ग्रंथातही पिरोजावर विवेचन आहे.

इराणी परंपरेत हा खडा प्रामुख्याने डोळ्यांशी जोडला गेला. सकाळी पिरोजाकडे पाहिल्याने दृष्टी निवते, त्याची वस्त्रगाळ पूड सुरम्यात मिसळून घातल्यास नेत्र बळकट होतात, असे मानले जाई. वाईट नजरेपासून संरक्षण हा त्याचा दुसरा उपयोग. लहान मुले, घोडे आणि उंट यांच्या गळ्यात निळे मणी बांधण्याची चाल पश्चिम आशियात आजही दिसते. शिया पंथीयांमध्ये अकीक आणि फिरोजा यांच्या अंगठ्यांना धार्मिक महत्त्व असून, मुंबईच्या मुस्लिमबहुल बाजारपेठांत अशा चांदीच्या अंगठ्या नेहमी विक्रीस असतात.

घोड्यावरून पडण्यापासून पिरोजा वाचवितो, ही समजूत पूर्वेकडून युरोपात गेली. सम्राट दुसरा रुडॉल्फ याचा वैद्य आन्सेल्मस द बूट याने १६०९ च्या रत्नग्रंथात, आपण घोड्यासह उंचावरून पडूनही बचावलो आणि अंगठीतील पिरोजा मात्र भंगला, असा अनुभव नोंदविला आहे. मालकावरील संकट खडा स्वतःवर घेतो, हा विश्वास आजही जसाच्या तसा ऐकू येतो. कठिणता कमी असलेला खडा आघाताने फुटतो हे त्याचे साधे स्पष्टीकरण आहे. खडा फुटूनही ज्यांना इजा झाली, त्यांच्या कथा मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

तिबेट आणि लडाख

पिरोजाला खऱ्या अर्थाने जीवनाशी एकरूप केले ते तिबेटी संस्कृतीने. तिबेटी भाषेत त्याला 'यू' म्हणतात. माणसाचे 'ला' म्हणजे जीवनचैतन्य या खड्यात वास करू शकते, अशी तेथील जुनी श्रद्धा असून त्यासाठी गळ्यात खास पिरोजा धारण केला जाई. तिबेटी वैद्यकाचा आद्य आचार्य युथोक याच्या नावाचा अर्थच 'पिरोजाचे छप्पर' असा आहे.

लडाखमधील 'पेराक' हे स्त्रियांचे शिरोभूषण या परंपरेचे सर्वांत देखणे रूप होय. कपाळापासून पाठीपर्यंत उतरणाऱ्या, नागफणीच्या आकाराच्या पट्ट्यावर पिरोजाचे खडे ओळीने शिवलेले असतात. आईकडून थोरल्या मुलीकडे जाणारे हे स्त्रीधन कुटुंबाची प्रतिष्ठा आणि ठेव दोन्ही असते. खड्यांच्या ओळींची संख्या पाहून घराण्याच्या संपन्नतेचा अंदाज बांधला जाई.

तिबेटी वैद्यकात, म्हणजे सोवा-रिग्पा पद्धतीत, पिरोजा विषबाधा आणि यकृताची उष्णता यांवर गुणकारी मानला जातो. काविळीत खडा हिरवा पडतो तो रोग शोषून घेतल्यामुळे, असाही समज आहे. ल्हासा येथे १९१६ मध्ये स्थापन झालेली आणि १९६१ मध्ये धरमशाला येथे पुन्हा उभारलेली मेन-त्सी-खांग ही संस्था ज्या 'रत्नगुटिका' तयार करते, त्यांत 'रिनचेन युन्यिंग' ही पंचवीस घटकांची, पिरोजाच्या नावाने ओळखली जाणारी गुटिका असून ती यकृतविकारांवर दिली जाते. तीत पिरोजा एकटा नसतो. अनेक वनस्पती आणि अन्य द्रव्ये असतात, खनिजांवर दीर्घ शोधनप्रक्रिया केली जाते आणि ती त्या पद्धतीच्या प्रशिक्षित वैद्याकडूनच घ्यावयाची असते. भारत सरकारने २०१० मध्ये सोवा-रिग्पाला भारतीय वैद्यकपद्धती म्हणून कायदेशीर मान्यता दिली आणि २०१९ मध्ये लेह येथे राष्ट्रीय संस्था उभारण्यास मंजुरी दिली. ही मान्यता एका शिक्षणपद्धतीला आणि तिच्या शिस्तीला आहे. बाजारातल्या सुट्या खड्याला ती लागू होत नाही.

आयुर्वेदातील पेरोज

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पेरोजाची गणना उपरत्नांत केली जाते. निघंटूंत त्याचे भस्मांग आणि हरित असे दोन प्रकार सांगितले आहेत. भस्मांग म्हणजे राखाडी झाक असलेला, तर हरित म्हणजे हिरवट. रसाने तो कषाय आणि मधुर, तसेच दीपन म्हणजे अग्नी प्रदीप्त करणारा मानला आहे. स्थावर आणि जंगम अशा दोन्ही विषांचा नाश करणारा, शूळ आणि भूतबाधेसारखे दोष हरण करणारा असेही त्याचे वर्णन येते. स्थावर विष म्हणजे वनस्पती आणि खनिजांचे, जंगम म्हणजे साप-विंचवासारख्या प्राण्यांचे.

उपरत्ने औषधात वापरताना प्रथम शोधन, नंतर खलात दीर्घकाळ घोटून पिष्टी किंवा अग्निसंस्कार करून भस्म, असा क्रम शास्त्राने घालून दिला आहे. घरी खडा उगाळून पाजणे किंवा खडा रात्रभर बुडवून ठेवलेले पाणी औषध म्हणून देणे हे या शास्त्रात बसत नाही. कच्च्या खड्याची पूड पोटात गेल्यास जठरातील आम्लामुळे त्यातील तांबे काही अंशी सुटे होऊ शकते. यकृत आधीच दुखावलेल्या रुग्णाला, तसेच शरीरात तांबे साठून राहण्याचा विल्सन विकार असलेल्यांना जादा तांबे अपायकारक ठरते. ज्या काविळीवर उपाय म्हणून हा खडा सुचविला जातो, त्याच आजारात ही जोखीम अधिक असते.

अमेरिकेतील निळा दगड

अटलांटिकपलीकडेही पिरोजाची परंपरा स्वतंत्रपणे वाढली. न्यू मेक्सिकोतील सेरिलोस येथील खाणी मूलनिवासींनी युरोपीय आगमनापूर्वीच खोदल्या होत्या. चाको खोऱ्यातील पुएब्लो बोनितो या प्राचीन वसाहतीत पिरोजाचे हजारो मणी आणि तुकडे मिळाले. मेक्सिकोतील कारागिरांनी लाकडावर पिरोजाचे तुकडे बसवून घडविलेला दुतोंडी सर्प लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

नवाहो परंपरेत चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांपैकी दक्षिणेचा पर्वत पिरोजाशी जोडलेला आहे आणि विधींमध्ये या खड्याला मानाचे स्थान आहे. अपाची जमातीत वैद्यविधी करणाऱ्याजवळ हा दगड असणे आवश्यक मानले जाई, तर धनुष्याला तो बांधल्यास नेम चुकत नाही, अशी शिकाऱ्यांची श्रद्धा होती. आज प्रसिद्ध असलेली नवाहोंची चांदी-पिरोजाची कला मात्र तुलनेने अलीकडची आहे. चांदीकाम त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आत्मसात केले. या दागिन्यांच्या नकलांचा सुळसुळाट झाल्याने, मूलनिवासींनी न घडविलेली वस्तू त्यांच्या नावाने विकण्यास अमेरिकेने १९९० च्या कायद्याद्वारे कठोर प्रतिबंध केला. निर्मळ निळ्या खड्यांसाठी नावाजलेल्या अॅरिझोनातील स्लीपिंग ब्यूटी खाणीतून पिरोजा काढणे २०१२ मध्ये थांबले. चीनमधील हुबेई प्रांत हा आता प्रमुख पुरवठादार आहे.

ज्योतिष आणि जन्मरत्न

पिरोजा कोणत्या ग्रहाचा, याबाबत ज्योतिष्यांत एकवाक्यता नाही. काही जण त्याला गुरूचे, काही शुक्राचे, तर काही शनीचे उपरत्न मानतात. नवरत्नांच्या मूळ मांडणीत तो नसल्याने हे मतभेद निर्माण झाले आहेत. डिसेंबरचे जन्मरत्न म्हणून सांगितली जाणारी त्याची ओळखही फार प्राचीन नाही. जन्मरत्नांची आज प्रचलित असलेली यादी अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मध्ये निश्चित केली. तिच्यामागे श्रद्धेइतकाच व्यापाराचाही विचार होता, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावयास हवे.

उपचार म्हणून कितपत खरा?

अंगठीत किंवा गळ्यात घातलेला पिरोजा एखादा आजार बरा करतो, असे वैद्यकीय चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. खड्यांच्या परिणामांविषयी लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी केलेला आणि २००१ मध्ये मांडलेला प्रयोग बोलका आहे. त्यात काही व्यक्तींच्या हाती खरा स्फटिक, तर काहींच्या हाती नकली स्फटिक देण्यात आला. ऊब, झिणझिण्या, प्रसन्नता असे अनुभव दोन्ही गटांनी सांगितले. काय जाणवू शकते याची कल्पना ज्यांना आधी देण्यात आली होती, त्यांना ते अधिक जाणवले. प्रयोग पिरोजावर नव्हता, परंतु खडा हातात घेताच 'काहीतरी जाणवते' या अनुभवाचे मूळ अपेक्षेत असू शकते, हे त्यातून दिसते.

आजीने दिलेली अंगठी घातल्याने धीर येत असेल, तर त्यात गैर काही नाही. प्रश्न उभा राहतो तो उपचार लांबणीवर पडल्यास. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूत मात्र गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली तेवढी औषधांनी टिकविता येते. त्यामुळे डोळ्यांसाठी खडा घालून सहा महिने वाट पाहणाऱ्या काचबिंदूच्या रुग्णाचे नुकसान कायमचे असते. सर्पदंशात प्रतिसर्पविष वेळेत मिळणे हाच उपाय असून तेथे मिनिटांचा हिशेब असतो. कावीळ हे लक्षण आहे. तिच्यामागे विषाणूसंसर्ग, पित्तनलिकेतील खडा वा अन्य गंभीर विकार असू शकतो आणि ते रक्ततपासणी व सोनोग्राफीतूनच कळते.

कायदा काय सांगतो?

औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार ताईत, मंत्र, कवच यांसारख्या वस्तूंना रोगनिवारक शक्ती असल्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर बंदी आहे. ज्या विकारांच्या बाबतीत ही बंदी लागू होते, त्यांच्या अनुसूचीत मोतीबिंदू, काचबिंदू, अंधत्व आणि मधुमेह यांचा समावेश आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून गंडेदोरे वा मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. खड्याच्या खरेपणाबाबत वा गुणाबाबत दिशाभूल झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागता येते. त्यासाठी पक्के बिल घेणे आणि त्यावर खड्याचे नाव, वजन व त्यावर केलेली प्रक्रिया लिहून घेणे अगत्याचे आहे.

असली आणि नकली

बाजारात पिरोजा म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला, कोणतीही प्रक्रिया न केलेला नैसर्गिक खडा. दुसरा, मऊ व सच्छिद्र खड्यात राळेसारखा पदार्थ भरून टिकाऊ केलेला खडा. तिसरा, पिरोजाची भुकटी राळेत घट्ट करून बनविलेला ठोकळा. चौथा, हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट या पांढऱ्या खनिजांना निळा रंग देऊन, अथवा काच वा प्लास्टिकपासून केलेली नक्कल. १९७२ पासून प्रयोगशाळेत बनविलेला गिल्सन पिरोजाही बाजारात आला. राळ भरलेला खडा हा खोटा नव्हे, मात्र त्याची किंमत नैसर्गिक खड्याइतकी असू नये आणि विक्रेत्याने ती गोष्ट सांगितली पाहिजे.

भिंगातून पाहिल्यास रंगविलेल्या खड्याच्या भेगांत रंग साचलेला दिसतो. असिटोनमध्ये बुडविलेल्या कापसाने मागील बाजू पुसल्यास काही कृत्रिम रंग कापसाला लागतात. हाउलाइट पिरोजापेक्षा बराच मऊ असल्याने त्यावर चाकूचा ओरखडा सहज उमटतो. तापलेली सुई टेकविल्यास प्लास्टिक वा राळेचा वास येतो. तथापि या चाचण्यांनी खड्याला इजा होते आणि निष्कर्षही खात्रीचा नसतो. मौल्यवान खडा घेताना रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागणे हाच उत्तम मार्ग होय.

निगा कशी राखावी?

पिरोजाचा दागिना स्नान, पोहणे, स्वयंपाक आणि धुणीभांडी करताना काढून ठेवावा. अत्तर, केसांचे तेल आणि प्रसाधने आधी लावावीत व ती सुकल्यानंतर दागिना घालावा. वापरानंतर मऊ कोरड्या कापडाने पुसावा. सराफाकडील ध्वनिलहरींच्या यंत्रात किंवा वाफेने तो धुऊ नये, तसेच आम्लयुक्त द्रावणापासून दूर ठेवावा. हिरा, नीलम यांसारख्या कठीण खड्यांबरोबर एकाच डबीत ठेवल्यास त्यावर चरे पडतात, म्हणून वेगळ्या मऊ पिशवीत ठेवावा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. खडे घासणाऱ्या कारागिरांनी पाण्याचा वापर करून, मुखपट्टी बांधून काम करणे गरजेचे आहे, कारण खडकमिश्रित धुळीतील सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते.

ज्यांच्या घरी पिढीजात पिरोजा आहे, त्यांनी त्याचा हिरवट पडलेला रंग अपशकुन न मानता वापराची खूण मानावी. आणि त्याच घरात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले, किंवा दिव्याभोवती वलये दिसत असल्याची तक्रार कोणी केली, तर अंगठी बोटात राहू द्यावी, मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.